रौगुपातिसचा पहिला घोट: पुण्याच्या स्वयंपाकघरात लिथुआनियन राय ब्रेड आणि गिरा

लिथुआनियाच्या जुन्या देवधर्मात आंबवण्याचा देव वेगळा, मळलेल्या पिठाची देवी वेगळी आणि चुलीतल्या विस्तवाची तिसरीच. या मंडळींच्या नावावर पराक्रमाच्या कथा सापडत नाहीत. कामाच्या एकेका टप्प्याला एकेक जण बांधलेला आहे, एवढंच. त्यामुळे यांची ओळख करून घ्यायची तर नावांची यादी पाठ करण्यापेक्षा ब्रेडचं आंबवण लावायला घ्यावं. कोण कुठे येतं ते आपोआप कळतं. खाली दिलेली मापं आणि वेळा पुण्याच्या हवेसाठी आहेत. विल्निअसच्या थंडीसाठी लिहिलेली कृती इथे मे महिन्यात जशीच्या तशी वापरली तर पीठ दुपारपर्यंत भांड्याबाहेर येतं.

आधी भरवशाचं काय, ते बघू. लिथुआनिया १३८७ मध्ये अधिकृतपणे ख्रिस्ती झाला, पश्चिमेकडचा समोगितिया १४१३ मध्ये. घरगुती देवतांची नावं मात्र कागदावर आली ती त्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी, तीही बाहेरच्यांच्या हातून. यान वाशित्स्की या पोलिश लेखकाची समोगितियाच्या देवांवरची छोटी लॅटिन पुस्तिका १५८०च्या सुमारास लिहिली गेली आणि १६१५ मध्ये बाझेलला छापली गेली. त्यातली बरीच माहिती याकुब लास्कोव्स्की या एका माणसाकडून ऐकलेली. प्रत्येक देवतेला एखाद-दोन ओळी, बस्स. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रशियातल्या लिथुआनियन वस्तीत पाद्री असलेल्या माथेउस प्रेटोरियसने जास्त जवळून पाहिलं आणि विधी पायरीपायरीने लिहून ठेवले. आम्ही भर देतो तो या दोघांवर. एकोणिसाव्या शतकातल्या तेओदोर नार्बुटने बिअरच्या रागुतिस देवाचं विल्निअसमधलं देऊळ वगैरे रंगवलं आहे आणि इंटरनेटवर तेच सगळीकडे फिरतं. ते वाचायला छान आहे, पण त्यावर विधी बेतू नका.

आंबवण: इथला मालक रौगुपातिस

वाशित्स्कीच्या पुस्तिकेत त्याचं नाव रौगुझेमपातिस असं येतं. आज रौगुपातिस हे सुटसुटीत रूप रुळलं आहे. ब्रेडचं आंबट खमीर आणि पिंपातली बिअर, दोन्ही त्याच्या अखत्यारीत.

पीठ हवं ते राय या गव्हासारख्या धान्याचं, कोंड्यासकट दळलेलं. किराणा दुकानात नुसतं राय म्हणालात तर मोहरीची पुडी पुढ्यात येण्याची शक्यता जास्त, म्हणून बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन शोधा आणि दळल्याची तारीख बघून घ्या. इथे राय फारसं खपत नाही, पाकिटं महिनोन्‌महिने पडून असतात. पीठ चाळून बघा, जाळी किंवा किडे दिसले तर परत करा. चांगलं पीठ घरी आल्यावर फ्रिजमध्येच ठेवा.

पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याने निघून जातं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी शक्यतो टाळा. त्यातले क्षार आम्ल मारतात आणि आंबवण तयार व्हायला एखाद-दोन दिवस जास्त लागतात.

पहिल्या दिवशी सकाळी अर्धा लिटरच्या काचेच्या बरणीत ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवून झाकण सैल ठेवा. दुसऱ्या दिवशी निम्मं काढून टाका आणि उरलेल्यात पुन्हा ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी घाला. तिसऱ्या दिवसापासून दर बारा तासांनी जुनं फक्त १० ग्रॅम ठेवून त्यात ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी.

२८-३० अंशांच्या खोलीत दुसऱ्याच दिवशी बरणी फसफसून वर येते. हुरळून जाऊ नका. ते यीस्ट नसून पिठातले सुरुवातीचे जिवाणू असतात, आणि वासही नाकाला नको होईल असा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं थंडावतं आणि नेमकं इथेच बहुतेक जण बरणी मोरीत ओततात. वास्तविक आम्ल वाढल्यामुळे ते पहिले जिवाणू मागे हटलेले असतात आणि आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस व यीस्ट जम बसवत असतात. बरणीला खायला देणं, म्हणजे पीठ-पाणी घालणं, चालू ठेवा. साधारण सहाव्या दिवशी आंबवण चार-पाच तासांत दुप्पट व्हायला लागतं आणि ताज्या ताकाचा, थोडा सफरचंदाचा वास येतो. आता ते वापरण्याजोगं झालं.

वर करडं पाणी सुटलं तर ते उपाशी आहे, ढवळून खायला द्या. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, किंवा केसाळ बुरशी, तर वरवर खरवडून भागत नाही. बरणीसकट उकळत्या पाण्यात धुऊन नव्याने लावा. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३४ अंशांवर जातं, तेव्हा १० ऐवजी ५ ग्रॅमच जुनं ठेवा आणि पाणी फ्रिजमधलं घ्या. डिसेंबरच्या पहाटे उलट, बरणी ओव्हनच्या दिव्याजवळ ठेवावी लागते.

या देवाला ब्रेडमध्ये एवढा मान का, याचं उत्तर रायच्या पिठातच आहे. गव्हासारखं ग्लुटेनचं जाळं राय धरत नाही. त्याचा डोलारा पेंटोसान नावाच्या चिकट तंतूंवर आणि स्टार्चवर उभा असतो. पण रायच्या पिठात अमायलेज हे विकर भरपूर, आणि रायचा स्टार्च भट्टीत साधारण ५५ ते ७० अंशांदरम्यान फुलतो तेव्हा ते विकर अजून जिवंत असतं. ते स्टार्च तोडत सुटतं आणि ब्रेडचा आतला भाग खळीसारखा चिकट राहतो. पीठ पुरेसं आंबट असेल, पीएच साधारण ४.५च्या खाली, तर अमायलेज थंडावतं. नुसतं बाजारचं यीस्ट घालून केलेला शंभर टक्के राय ब्रेड म्हणूनच फसतो: फुगतो छान, पण सुरीला लगदा लागतो. आंबवण इथे चवीपुरतं नाही, त्याच्याशिवाय रायचा ब्रेडच होत नाही.

उकड आणि काठवट

लिथुआनियात गोडसर काळा ब्रेड करताना थोडं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून घेतात. मोदकाची उकड काढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. एका ब्रेडसाठी:

उकड: राय पीठ १०० ग्रॅम, उकळतं पाणी २५० ग्रॅम, शहाजिरे ५ ग्रॅम, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं न भाजलेलं पीठ १० ग्रॅम.
ओलं आंबवण: राय पीठ १५० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम, बरणीतलं तयार खमीर ३० ग्रॅम.
शेवटचं मिश्रण: राय पीठ २५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, मध किंवा गूळ २५ ग्रॅम, पाणी ४० ते ६० ग्रॅम.

रात्री दोन्ही लावा. उकडीसाठी पिठात शहाजिरे घालून उकळतं पाणी एकदम ओता आणि गुठळ्या मोडून घोटा. नाचणीचं पीठ लगेच घालायचं नाही. उकड ६५ अंशांवर आली की घाला, थर्मामीटर नसेल तर बोट क्षणभरच टेकवता येईल इतकी गरम असताना. उकळत्यात घातलं तर मोडांतलं विकर तिथेच मरतं आणि गोडवा येत नाही. भांडं झाकून, दोन पंचांत गुंडाळून तीन तास ठेवा. मग उघडून पूर्ण गार होऊ द्या. नाचणी ही इथली सोय आहे, तिकडे सातूचा माल्ट वापरतात. ओलं आंबवण ओट्यावर सात-आठ तास, उन्हाळ्यात पाचच.

सकाळी सगळं एकत्र करा. पारंपरिक भांडं म्हणजे ओकच्या फळ्यांचं, दुआन्कुबिलिस. ते धुऊन लख्ख करत नसत. कडांना राहिलेलं पीठच पुढच्या ब्रेडला विरजण म्हणून पुरायचं. आपल्याकडची भाकरीची काठवट या कामाला उत्तम, पण पावसाळ्यात ती तशीच ठेवली तर चार दिवसांत बुरशी धरते. जून ते सप्टेंबर धुऊन, उन्हात किंवा पंख्याखाली वाळवून ठेवा. खमिराचा वाण जपायचा तर बटर पेपरवर चमचाभर पातळ पसरून पंख्याखाली कडक वाळवा, चुरा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. महिनोन्‌महिने टिकतं.

वाशित्स्की दुग्नाई नावाची देवी देतो, मळलेल्या पिठावर देखरेख करणारी. तिच्याबद्दल यापलीकडे काहीच नाही, त्यामुळे तिच्या नावाने स्तोत्रं रचणाऱ्यांपासून दूर राहा. रायचं पीठ मळायचं नसतंच. ओल्या हाताने किंवा लाकडी उलथन्याने पाच मिनिटं कालवा, ओल्या मातीसारखं दिसलं पाहिजे. हाताला चिकटतं म्हणून पीठ वाढवत गेलात तर ब्रेड विटेसारखा होणार. पीठ नाही, हात ओला करा.

पहिला गोळा मातेरगाबियाचा

इथे वाशित्स्की नेमकं सांगतो. काठवटीतून सगळ्यात आधी काढलेला गोळा बाई घेते, त्यावर बोटाने खूण करते आणि तो भट्टीत भाजते. तो मातेरगाबिया या देवीचा. पुढे तो घरधनी किंवा त्याची बायको यांनीच खायचा, बाकी कुणी नाही. आपल्या नैवेद्याशी साम्य वाटेल, पण नैवेद्याचा प्रसाद सगळ्यांत वाटला जातो. इथे वाटप नाही, हा फरक सांभाळा.

करायचं असं: टिन भरण्याआधी ६० ग्रॅमचा गोळा काढा, ओल्या तळव्यावर बोटभर जाडीची चकती थापा आणि मधोमध तर्जनी तळाला लागेपर्यंत दाबा. वरवर दाबलं तर फुगताना खूण भरून जाते. ब्रेडबरोबरच ओटीजीत बाजूला ठेवा, सुरुवातीच्या कडक आचेत साधारण १५ मिनिटांत होते. मोठ्या ब्रेडइतका वेळ ठेवलीत तर खापर होईल.

उरलेलं मिश्रण तेल लावलेल्या सव्वा लिटरच्या टिनमध्ये भरा, दोन तृतीयांशच भरलं पाहिजे. ओल्या चमच्याने वरून सारखं करा. २८-३० अंशांवर तासा-दीड तासात वरच्या पापुद्र्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसू लागतात. हीच खूण, लगेच ओव्हनमध्ये घाला. दुप्पट व्हायची वाट पाहिलीत तर माथा खचतो. २४० अंशांवर १५ मिनिटं, मग १९० वर ४५ ते ५० मिनिटं. मध्यभागी ९६-९८ अंश भरले की झाला. छोट्या ओटीजीत वरची सळई जवळ असते, पहिल्या २० मिनिटांनंतर फॉइल झाका.

आणि मग २४ तास कापायचा नाही. गरम राय ब्रेड कापून आत चिकट निघाला म्हणून कृतीला दोष देणारे पुष्कळ. आतलं पाणी सारखं पसरायला तेवढा वेळ लागतोच. सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात तिसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये.

एक इशारा. लिथुआनियात ब्रेड भट्टीत सरकवताना खाली वेखंडाची पानं घालत, त्यांचा सुवास बुडाला लागतो. ते वाचून मंडईतून वेखंड आणायचा मोह होईल. आणू नका. भारतीय वेखंडात बीटा-असारोन हे घातक द्रव्य युरोपातल्या वाणापेक्षा बरंच जास्त असतं. तिकडे कोबीची पानंही वापरत. टिनच्या तळाशी कोबीचं बाहेरचं पान घाला, किंवा हळदीचं. हळदीचं पान अर्थात तिकडचं नाही, पण बुडाला वास सुरेख लागतो.

विस्तव: गाबिया

गाबिया म्हणजे चुलीतला विस्तव. तिला मीठ वाहायचं, रात्री निखारे राखेखाली झाकून निजवायचं आणि जवळ स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवायचं, तिला अंग धुवायला. विस्तवावर थुंकणं, तो पायाने विझवणं वर्ज्य. फ्लॅटमध्ये चूल नाही म्हणून लोक गॅसच्या बर्नरवर मीठ टाकतात, मग भोकं बुजतात आणि बर्नर गंजतो. मातीच्या शेगडीत दोन निखारे पुरेत, तेही गच्चीत किंवा मोकळ्या बाल्कनीत. बंद खोलीत कोळसा पेटवू नका. चिमूटभर जाडं मीठ टाका, तडतडतं, म्हणून वाकून बघू नका. शेगडी नसेल तर पणतीशेजारी मीठ आणि पाण्याची वाटी ठेवा. रोमुवा हा जुन्या धर्माचा आजचा पंथ लिथुआनियात १९९२ पासून नोंदणीकृत आहे आणि तिथे विस्तव आजही विधीच्या मध्यभागी असतो. हे पाळणारी माणसं आहेत हे लक्षात ठेवून करा, रीलसाठी नको.

गिरा आणि पहिला घोट

मूळ विधीत बिअर किंवा मधाचं मद्य असतं. घरी बिअर करणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय बसत नाही, म्हणून इथे गिरा, म्हणजे ब्रेडचं आंबूस पेय, आणि तेही लवकर थांबवलेलं.

२५० ग्रॅम राय ब्रेडचे तुकडे १६० अंशांवर अर्धा तास भाजा, गडद तपकिरी होईपर्यंत. काळे झाले तर गिरा कडू होते आणि साखरेने ते झाकत नाही. स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर उकळतं पाणी ओतून आठ तास झाकून ठेवा. मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळू नका, पिळलं की गाळ उतरतो. साधारण १.६ लिटर मिळतं. १०० ग्रॅम साखर किंवा गूळ विरघळवा आणि ३० अंशांखाली आल्यावर ३० ग्रॅम आंबवण थोड्या रसात कालवून घाला. फडकं बांधून १०-१२ तास, मेमध्ये सात-आठच.

वर फेस आला की गाळून सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरा, वर चार बोटं जागा सोडा, प्रत्येकीत तीन-चार बेदाणे. काचेची बाटली नको, पुण्याच्या उन्हाळ्यात फुटते आणि काचा भिंतीत रुततात. बेदाणे तरंगायला लागले आणि बाटली दाबून दबेनाशी झाली की फ्रिजमध्ये, याला तीन ते पाच तास लागतात. चार दिवसांत संपवा. गिरा पूर्ण बिनदारूची नसते, हे घरातल्यांना आधी सांगा. बाहेर राहून सगळी साखर आंबली तर प्रमाण ३ टक्क्यांच्या वर जातं.

आता रौगुपातिस. वाशित्स्की सांगतो, पिंपातला बिअरचा किंवा मधाच्या मद्याचा पहिला घोट त्याचा, त्या घोटाला नुलाइदिमोस म्हणत. म्हणजे कुणी चाखून बघण्याआधीचा. गोडी बघायला चमचा घातलात की संपलं, म्हणून साखरेचं माप आधीच ठरवा. बाटली हलवू नका, गाळ खाली बसू द्या, हळू उघडा आणि पहिला पेलाभर वेगळा काढा. त्यानंतर पिणाऱ्याने आपल्या पेल्यातला थोडा झेमिनेला, धरणीला, सांडायचा. बाल्कनीतल्या कुंडीत चार थेंब पुरतात. पेलाच ओतलात तर सकाळी मुंग्यांची रांग आणि आठवड्यात मातीला बुरशी.

सत्तावीस वाटे

सुगीनंतरचा मोठा विधी प्रेटोरियसने दिला आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला, पीक घरात येऊन मळणी सुरू झाली की, शेतकरी प्रत्येक धान्याच्या नऊ-नऊ मुठी घेई, प्रत्येक मुठीचे तीन भाग करून एका राशीत टाकी. असे सत्तावीस वाटे. या राशीतून घरातल्या प्रत्येकाला एक छोटा पाव, आणि उरलेल्यात आणखी सातू किंवा ओट मिसळून बिअर. बाहेरचा कुणी येणार नाही अशी संध्याकाळ निवडायची. घरधनी पिंपापुढे गुडघे टेकून मगभर बिअर काढी आणि पिंपाच्या बुचावर थोडी ओतून म्हणे, फुलणाऱ्या धरणी, राय, सातू आणि सगळी धान्यं फुलव. मग घरात एका रंगाचे कोंबडा-कोंबडी लाकडी पळीने मारत, लाल रंगाचे चालत नसत. ती नव्या कोऱ्या मडक्यात शिजत. उपडं ठेवलेलं धान्याचं माप हाच चौरंग, त्यावर पाव आणि कोंबड्या. काही उरवायचं नाही.

पुण्यात करायचं तर एक मूठ साधारण ४० ग्रॅमची, म्हणजे प्रत्येक धान्य ३६० ग्रॅम. राय, सातू, गहू, ज्वारी अशी चार धरली तर जवळजवळ दीड किलो होतं. गिरणीवाला एवढं कालवलेलं धान्य सहसा घेत नाही, आणि घेतलं तरी आधीच्या गिऱ्हाइकाचं बेसन त्यात येतं. मिक्सरमध्ये दोन-दोन मुठी दळून चाळा. माणशी १०० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम आंबवण, २ ग्रॅम मीठ आणि लागेल तसं ८० ग्रॅमपर्यंत पाणी. ज्वारीमुळे पाव फुगत नाही, दोन बोटं जाडीचा थापा, २२० अंशांवर २५ मिनिटं. उरलेलं पीठ रोज थोडं भाकरीत घालून संपवा. बिअरच्या जागी गिरा, आणि ती बाटलीच्या झाकणावर ओतायची. कोंबड्यांचा भाग सोडून द्या. त्या जागी नारळ किंवा कोहळा आणू नका, तो आपला विधी झाला. भांडी मात्र पाळता येतात: एक पळी आणि तीन पेले यासाठीच वेगळे, वर्षभर दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. पेले मातीचे घेतलेत तर वापरून झाल्यावर दोन दिवस उन्हात ठेवा, ओले बांधून ठेवले तर पुढच्या डिसेंबरला पहिल्याच घोटाला खवट वास येतो.